पश्चिमेची भिंत

सेम्बावांगमधल्या त्या घराची पश्चिमेकडची भिंत दुपारी दोनपासून तापायला लागायची आणि रात्रीची जेवणं आटोपली तरी हाताला गरम लागायची. घर रांगेतलं शेवटचं, त्यामुळे ती बाजू सगळी उघडी. भिंतीच्या आतल्या अंगाला खाली नानांची खोली होती, वर जाईची. नानांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. एसी लावला तर गुडघे धरायचे, बंद केला तर झोप नाही. ते तक्रार करत नसत. सकाळी डोळे लाल दिसायचे, तेवढंच.

नाना म्हणजे पद्माकर, संजीवनीचे सासरे. रत्नागिरीत बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. बायको गेल्यावर वर्षभर ते एकटे राहिले, मग निशिकांत त्यांना सिंगापूरला घेऊन आला. निशिकांत मरीन इंजिनिअर. पूर्वी बोटीवर चीफ इंजिनिअर होता, आता कंपनीच्या जहाजांची डागडुजी बघायला या गोदीतून त्या गोदीत फिरायचा. महिन्यातले पंधरा दिवस घराबाहेर. संजीवनी एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंग टीमची प्रमुख. आठवड्यातले तीन दिवस ती वरच्या मजल्यावर बसून घरूनच काम करायची. त्यामुळे घराचं, नानांचं आणि चौदा वर्षांच्या जाईचं जे काही असेल ते तिच्याच अंगावर यायचं.

भिंतीवर उपाय तिनंच शोधला. घर जुनं होतं, आणि त्या बाजूची भिंत एकेरी नव्हती. विटांच्या दोन भिंती आणि मध्ये चार बोटांची पोकळी. त्या पोकळीत फोम भरून देणारा एक माणूस तिला इंटरनेटवर सापडला. केल्विन त्याचं नाव. सिंगापूरमध्ये असं काम फारसं कोणी करून घेत नाही, पण तुमच्या भिंतीला होईल, एका दिवसात होईल, असं तो म्हणाला.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी तो दोन कामगार, ड्रिल मशीन आणि एक लांब पाइप घेऊन आला. निशिकांत तेव्हा नुकताच चीनला एका मोठ्या दुरुस्तीसाठी गेला होता. संजीवनीची साडेनऊला मीटिंग होती. केल्विननं टॅबलेटवर एक फॉर्म उघडला आणि अंगणात उभ्या उभ्याच एकेक प्रश्न विचारत गेला. भिंतीत ओल आहे का? वायरिंग आहे का? पाण्याचा, गॅसचा, कसला पाइप जातो का?

"नाही," संजीवनी म्हणाली.

नाना दारात उभे होते. इंग्रजी त्यांना चांगलं समजायचं, पण घरात आलेल्या माणसापुढे बोलायला ते कचरायचे. ते मराठीत म्हणाले, "अगं, त्या गिझरचं धुराडं..."

"नाना, मी बघते ना," ती म्हणाली. ती घड्याळाकडे बघत होती. तिनं बोटानं सही केली आणि वर गेली.

स्वयंपाकघर आणि नानांची खोली यांच्या मधल्या बोळात गॅसचा गिझर होता. घरात कुठेही गरम पाण्याचा नळ सोडला की तो आपोआप पेटायचा. त्याचा धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी त्याच पश्चिमेच्या भिंतीतून आरपार गेली होती. संजीवनीनं ती रोज पाहिलेली होती. त्या क्षणी तिला ती आठवली नाही, एवढंच खरं.

दिवसभर भिंतीला हातहात अंतरावर भोकं पडत राहिली. दुपारी कामगारांनी पाइपचं तोंड एकेका भोकात लावून फोम भरला. आत सुरसुर आवाज व्हायचा आणि थोड्या वेळानं शेजारच्या भोकातून पिवळट फेस फुगून बाहेर यायचा. बाहेरच्या बाजूनं दिसणाऱ्या नळीच्या तोंडाभोवती केल्विननं चिकटपट्टी लावली होती, ती संध्याकाळी काढून टाकली. भोकं सिमेंटनं बुजवली. ते गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चारला संजीवनीनं नानांच्या खोलीत आतून भिंतीला हात लावला. भिंत गार होती. तिला इतका आनंद झाला की तिनं निशिकांतला फोटो पाठवला, भिंतीवर ठेवलेल्या आपल्या तळव्याचा.

नाना भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघत होते. "आधी आवाज मोकळा यायचा. आता बसका येतो."

"बरंच झालं की मग."

"पोकळी सोडतात ती काही विटा वाचवायला नव्हे," ते म्हणाले. पण त्या रात्री ते गाढ झोपले, आणि सकाळी त्यांनी तसं सांगितलंही.

पहिल्यांदा डोकं दुखलं ते त्याच आठवड्याच्या शेवटी. नानांचं दुखलं, दोन दिवसांनी जाईचं, मग संजीवनीचं. फोमचा वास असेल, जाईल हळूहळू, असं केल्विननं मेसेजवर कळवलं. एकदा, संजीवनी कॉलवर असताना, नाना जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते सहसा वर येत नसत. दारातूनच म्हणाले, "त्या गिझरची ज्योत पिवळी जळतेय. पूर्वी निळी असायची."

तिनं माइक बंद केला. "पाणी गरम येतंय ना?"

"येतंय."

"मग निशिकांत आला की दाखवू त्याला."

ते कठड्याला धरून खाली गेले.

सप्टेंबरच्या मध्यावर हेझ आला. सुमात्रात रान पेटलं की तो धूर समुद्र ओलांडून येतो आणि सिंगापूरवर बसून राहतो. समोरच्या इमारती पुसट झाल्या. सूर्य नारिंगी गोळ्यासारखा दिसू लागला. फोनवर दर तासाला प्रदूषणाचा आकडा येई: एकशे चाळीस, एकशे साठ, एकशे नव्वद. सगळ्यांनी केलं तेच संजीवनीनंही केलं. सगळ्या खिडक्या बंद केल्या. नानांच्या खोलीच्या खिडकीची फट तिनं जाड टेपनं चिकटवली, कारण त्यांना दम्याचा थोडा त्रास होता. बोळाच्या टोकाला एक जाळीचा झरोका होता, त्यावर तिनं पुठ्ठा लावला.

आता डोकं दुखण्याचं कारण शोधायची गरज उरली नाही. सगळ्या शहराचंच दुखत होतं.

पण नानांचं काहीतरी वेगळं होत होतं. एका सकाळी त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू जाऊन विझेपर्यंत समोर उभे राहून बघत राहिले. एका दुपारी त्यांनी जाईला विचारलं, "आज शाळा नाही का?" तिनं सांगितलं, शाळेतूनच आले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. त्यांना मळमळायचं. बोलता बोलता शब्द सापडत नसे. कधीही न चिडणारा माणूस जेवणाच्या ताटावरून चिडला. एकदा बोळातच पडले, खरचटलं.

"आजोबा इज नॉट ओके, ला," जाई म्हणाली. "ही कॅनॉट रिमेंबर एनीथिंग."

"मराठीत बोल," संजीवनी म्हणाली. तिला ते ऐकायचं नव्हतं.

निशिकांतला ती रोज फोनवर सांगत होती. तो जहाजाच्या आवाजात ओरडून विचारायचा, "डॉक्टरला दाखवलंस का?" त्याचं काम लांबत चाललं होतं. रत्नागिरीत त्याची धाकटी बहीण मेधा राहायची. तिला संजीवनीनं फोन केला तेव्हा प्रथमच तो शब्द उच्चारला गेला. मेधानंच उच्चारला. "वहिनी, हे विस्मरणाचं सुरू झालंय. आमच्या आत्याला असंच झालं होतं."

नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये वेळ मिळाली. सकाळी आठला संजीवनी आणि नाना निघाली. टॅक्सी, मग रक्ततपासणी, मग वाट बघणं. डॉक्टरच्या खोलीत शिरेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. सकाळी टॅक्सीत मान टाकून बसलेले नाना एव्हाना सरळ बसून भिंतीवरच्या पाट्या वाचत होते. डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, बरोबर. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, त्यांनी थेट दोनपर्यंत नेऊन सोडले. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी मोजपट्टी मागितली. नाही म्हटल्यावर कागदाची कड दुमडून मध्य काढला आणि असं घड्याळ काढलं की त्या बाईंनी ते नर्सला बोलावून दाखवलं.

"मला तर काही वाटत नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "नवा देश, एकटेपणा, त्यात हा हेझ. घरात बोलणारं कोणी आहे का त्यांना?"

संजीवनीचा चेहरा उतरला. परतताना नानांनी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, थांबून चहा मागितला. पेला दोन्ही हातांत धरून ते तिला हर्णैच्या बंदराच्या कामाची गोष्ट सांगत होते आणि तारखा, माणसांची नावं, सगळं जागच्या जागी होतं.

ती दोघं घरी पोचली तेव्हा शाळेतून आलेली जाई वर आंघोळीला गेली होती. नाना खोलीत जाऊन पडले. रात्री जेवायला उठवलं तर त्यांना कुठे जाऊन आलो तेच आठवेना.

त्या दिवशी निशिकांतशी बोलताना संजीवनी म्हणाली, "बाहेर असले की बरे असतात. घरात पाऊल टाकलं की बिघडतात. मला वाटतं, त्यांना इथे राहायचंच नाहीये."

"तसं म्हणाले का ते?"

"म्हणतील कसे?"

मग तो म्हणाला, "मी आलो की बघू. मेधाकडे पाठवायचं झालं तर दिवाळीच्या आधी पाठवू."

दोघांपैकी कोणालाही त्या वाक्याचा खरा अर्थ दिसला नाही. बाहेर बरे, घरात आजारी. संजीवनीच्या तोंडून ते जसंच्या तसं निघालं होतं आणि तिनं त्याचा अर्थ लावला तो माणसाच्या मनाचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आकडा दोनशेच्या वर गेला. शाळेचे कार्यक्रम रद्द झाले. सकाळी जाईची आंघोळ झाली. ती हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसली. संजीवनीनं गरम पाण्यात सगळी भांडी घासली. मग डोक्याला तेल लावलेलं होतं ते धुवायला ती वर गेली. नाना चहा घेऊन पुन्हा झोपले होते. तिनं त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं, भांड्यांच्या आवाजाचा त्रास नको म्हणून.

निशिकांत आदल्या दिवशी सिंगापूरला उतरला होता, पण विमानतळावरून तसाच तुआसच्या गोदीत गेला होता. तिथे एका जहाजाच्या टाकीची तपासणी होती. ती शनिवारी सकाळी संपली. ऑफिसात सामान ठेवायला न थांबता तो सरळ घरी आला. अंगात बॉयलर सूट होता. खिशाला गॅस मीटर तसाच अडकवलेला होता. टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाजवळ असतो तो, हवेत विषारी वायू असला तर ओरडणारा.

बूट काढून तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, आणि बोळाच्या तोंडाशी मीटर ओरडायला लागला.

तो नंतर संजीवनीला म्हणाला की पहिल्यांदा त्याला मीटर बिघडल्यासारखं वाटलं. त्यानं तो हातात घेऊन बघितला. कार्बन मोनॉक्साइड, तीनशे ऐंशी; एरवी तो तीस-पस्तीसलाच ओरडायला लागतो. एक पाऊल पुढे टाकलं, चारशे दहा. समोर गिझर पेटलेला होता आणि त्याची ज्योत पिवळीधमक होती. शेजारी नानांच्या खोलीचं दार लोटलेलं.

बंद टाकीत माणूस पडला की त्याच्यामागे धावत आत शिरायचं नाही, हा नियम निशिकांतनं आयुष्यभर खलाशांना शिकवला होता. आधी श्वासाचं उपकरण, मग माणूस. धावत जाणारा बहुतेक वेळा त्याच्याच शेजारी सापडतो. एकदा इंडोनेशियाजवळ त्यानं असे दोन सख्खे भाऊ बाहेर काढलेले पाहिले होते. तो बोळाच्या तोंडाशी थांबला. किती वेळ थांबला ते त्याला सांगता येत नाही. दोन सेकंद असतील, दहा असतील. त्याबद्दल तो आजही बोलत नाही.

मग तो इतक्या जोरात ओरडला की वर शॉवरखाली उभ्या असलेल्या संजीवनीच्या हातातून साबण पडला. "पाणी बंद कर! गरम पाणी बंद! जाई, बाहेर! रस्त्यावर जा, आत्ताच्या आत्ता!"

त्यानं मागचं दार उघडलं, बाहेरच्या धुरकट हवेत तीनदा खोल श्वास घेतला, चौथा रोखून धरला आणि आत शिरला. नाना कुशीवर होते. त्यानं त्यांच्या काखेत हात घातले आणि पाठमोरा चालत, ओढत, बोळातून, स्वयंपाकघरातून, मागच्या दाराबाहेर फरशीवर आणलं.

संजीवनी ओल्या केसांनी, अंगाला गाऊन गुंडाळून धावत आली तेव्हा तो त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसला होता. नानांचा चेहरा लालबुंद होता. आजारी माणूस वाटेनाच. कित्येक वर्षांत ते इतके टवटवीत दिसले नव्हते. त्या वायूनंच चेहरा असा लाल होतो, हे तिला नंतर कळलं.

"श्वास आहे," निशिकांत म्हणाला. "अ‍ॅम्ब्युलन्सला, नऊ नऊ पाचला फोन लाव. कार्बन मोनॉक्साइड सांग. स्पष्ट सांग."

तिनं सांगितलं. बोलता बोलता ती भिंतीला टेकली. तीच भिंत. बाहेरून तिला ती नेहमीसारखीच वाटली.

हॉस्पिटलात नानांना ऑक्सिजन लावला, मग एका बंद नळकांड्यासारख्या यंत्रात ठेवलं, जिथे दाबाखाली ऑक्सिजन देतात. जाईचं आणि संजीवनीचंही रक्त तपासलं. दोघींच्या रक्तात तो वायू होता, थोडा. नानांच्या रक्तात इतका होता की तरुण डॉक्टर दोनदा कागदाकडे बघून म्हणाला, हे एका दिवसाचं नसणार. किती आठवडे चालू आहे?

त्याचा हिशेब संजीवनी खुर्चीवर बसून लावत राहिली. तिचं न्हाणीघर वर, जाईचं वर. गरम पाणी तिथे यायचं आणि गिझर पेटायचा खाली, नानांच्या दाराशी. जाईची शाळेआधीची आंघोळ. तिची स्वतःची. भांडी. कपडे. त्या दोघी वर स्वच्छ होत होत्या आणि त्या प्रत्येक वेळी खाली, टेप लावलेल्या खोलीत, तो वायू भरत होता.

नाना दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले.

सोमवारी भिंत उघडली. गॅस कंपनीचा माणूस आला होता, निशिकांत आणि संजीवनी होती, आणि केल्विनही आला होता. बोलावल्यावर तो आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. निशिकांतनं स्वतः छिन्नीनं नळीभोवतीच्या विटा काढल्या. पत्र्याची नळी भिंतीच्या पोकळीत खालच्या अंगानं गंजून फाटली होती. कित्येक वर्षं फाटलेली असावी, आणि थोडा धूर पोकळीतून वर निघून जात असावा. आता त्या फाटीतून फोम आत शिरून फुगला होता आणि कडक झाला होता. गॅसवाल्यानं नळीत बॅटरी मारली. पलीकडचा उजेड नखाएवढा दिसला.

"मी विचारलं होतं, मॅडम," केल्विन म्हणाला. त्यानं टॅबलेट पुढे केला. पाइप: नाही. खाली तिची सही.

"बाहेरून नळी दिसत होती तुम्हाला," निशिकांत म्हणाला. "तुम्ही तिच्याभोवती पट्टी लावलीत."

केल्विननं टॅबलेट खाली घेतला. ती तिघं त्या नळीकडे बघत उभी राहिली. गॅसवाला खाली बसून फॉर्म भरत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात निशिकांत कॉफी आणायला गेला, तेव्हा तिनं नानांना सांगितलं. ते उशीला टेकून बसले होते, नाकाशी नळी होती.

"तुम्ही त्या दिवशी धुराड्याबद्दल सांगत होतात. मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

"हो," नाना म्हणाले.

"ज्योतीचंही सांगितलंत."

"हो." ते चादरीची कड सारखी करू लागले. "पण मी दुसऱ्यांदा नाही सांगितलं. खात्यात असतो तर लेखी दिलं असतं. साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवलं असतं. इथे म्हटलं, मुलाचं घर आहे, सून शिकलेली आहे, आपण किती मध्ये पडायचं."

"ते तुमचंही घर आहे, नाना."

कॉफी आली.

सोडताना डॉक्टरनं दोघांना बाजूला घेऊन सांगितलं. आत्ता ते उत्तम आहेत. पण हा वायू मेंदूत मागे काय करून गेलाय ते कधीकधी उशिरा कळतं. दोन आठवडे, चार आठवडे. पुढचे सहा आठवडे लक्ष ठेवा. चालणं, बोलणं, विसरणं.

"नाही झालं काही तर?" संजीवनीनं विचारलं.

"तर आपण सुटलो."

गिझर कायमचा बंद केला. सगळे गार पाण्यानं आंघोळ करू लागले. नानांचा पलंग हॉलमध्ये आणला. निशिकांतनं रजा घेतली. पाऊस पडला, हेझ उतरला, घराच्या सगळ्या खिडक्या दिवसरात्र उघड्या राहू लागल्या, आणि नाना खरंच पूर्वीसारखे झाले. जाईला ते भूमितीचं शिकवू लागले. बोळातल्या फुटक्या भिंतीचं त्यांनी कागदावर मापासकट चित्र काढून दिलं, कुठे काय बुजवायचं ते दाखवत. मेधाला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "मला विस्मरण नाही झालेलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतंत."

संजीवनी हसली नाही. सकाळी उठल्या उठल्या ती त्यांच्या पायांकडे बघायची. ते उठून उभे कसे राहतात, पेला कसा उचलतात, आज वार कुठला म्हणतात. पहिले पंधरा दिवस गेले. वीस गेले. तिला भीती होती ती त्यांना कळलेली होती. पेला उचलताना ते कधीकधी मुद्दाम उंच धरून दाखवायचे.

चोविसाव्या दिवशी सकाळी ते पलंगाच्या कडेवर बसले होते, सदऱ्याचं बटण बोटांत धरून. काज समोर होतं. ते बटणाकडे बघत होते, मग काजाकडे, मग पुन्हा बटणाकडे.

"नाना?"

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. काहीच नव्हतं. "हे," ते म्हणाले. पुढचा शब्द आला नाही.

आठवड्याभरात चालणं बदललं. पाऊल उचलण्याऐवजी घासत जायचं, वळताना दहा लहान पावलं लागायची. लघवीचं भान राहिना. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा ते यंत्र, पुन्हा तोच तरुण डॉक्टर, जो आता कागदाकडे न बघता त्यांच्याकडे बघून बोलायचा. काही जण सावरतात, तो म्हणाला. सहा महिन्यांत, वर्षात. किती सावरतील ते सांगता येत नाही. वयही आहे.

निशिकांतनं कंपनीत ऑफिसातलं काम मागून घेतलं. सकाळी तोच नानांना आंघोळ घालायचा. पाण्याचा आवाज सुरू झाला की नाना त्याचं मनगट घट्ट पकडायचे. का ते सांगू शकत नव्हते. तो मग नळ बंद करून तांब्यानं पाणी घालायचा, हळूहळू.

जानेवारीत मेधा आली. नानांना न्यायला आली होती. रत्नागिरीत तिनं खोली तयार केली होती, रोज येणारा फिजिओथेरपिस्ट शोधला होता, ओळखीचे डॉक्टर होते. पहिल्या दिवशी ती नानांच्या शेजारी बसून राहिली आणि त्यांच्या तळहातावरून आपला हात फिरवत राहिली. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं संजीवनीला विचारलं.

"वहिनी, एक खरं सांग. हे जे आहे, ते त्या गॅसमुळे, की हे होणारच होतं?"

"गॅसमुळे," संजीवनी म्हणाली. "त्या आधी काहीच नव्हतं. घड्याळाचं चित्र काढलेलं आहे त्यांचं. कागद आहे क्लिनिकमध्ये."

"आणि पाइपचं तू..."

"हो. मी नाही म्हणाले."

मेधानं काही लागट बोलावं अशी संजीवनीची जवळजवळ इच्छा होती. तिनं कोथिंबीर निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी हॉलमध्ये बसली. निशिकांत म्हणाला की कोणी काही ठरवायचं नाही, नानांनाच विचारायचं. तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळूहळू, एकेक वाक्य थांबत, त्यानं सांगितलं. मेधा आली आहे. तिच्याबरोबर रत्नागिरीला जाता येईल. किंवा इथेच राहता येईल. तुम्हाला काय हवंय?

नाना ऐकत होते. त्यांची नजर निशिकांतवरून मेधावर गेली, मग जाईवर, मग संजीवनीवर येऊन थांबली. ओठ हलले. बाहेर एक बस थांबून निघून गेली. जाई तोंडावर हात धरून बसली होती.

"इथे," नाना म्हणाले.

"इथेच राहायचं?" निशिकांतनं विचारलं.

"इथे."

मेधाचे डोळे भरले, पण तिनं होकाराची मान हलवली. संजीवनीला मात्र कळेना. त्यांनी खरंच निवड केली होती, की त्या दोन वाटांपैकी जिभेला पेललेला शब्द तेवढाच होता? मेधालाही तीच शंका असावी, कारण ती थोडा वेळ वाट बघत राहिली, आणखी एखादा शब्द येतो का ते बघत. तो आला नाही. मग ती उठली, आणि नानांसाठी आणलेला आंबेवडीचा डबा बॅगेतून काढून तिनं संजीवनीच्या हातात दिला.